खुफूची नौका जोडली कुणी? (इजिप्तच्या उत्खननातले स्थानिक हात)

रेवा

आम्ही गेली चार वर्षं कैरोत, मादी भागात राहतो. पुण्याहून, ठाण्याहून कुणी ना कुणी येत असतं, आणि आलेल्या प्रत्येकाला पिरॅमिड आणि ग्रँड इजिप्शियन म्युझियम दाखवायला मीच घेऊन जाते. महापिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या नौकेपाशी आलं की सगळे विचारतात, "ही सापडली कुणाला?" मी सांगते, इजिप्शियन पुरातत्त्वज्ञ कमाल अल-मल्लाख यांना, मे १९५४ मध्ये. गेल्या महिन्यात माझी आत्या आली होती. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फेरी घातली आणि म्हणाली, "अगं, सापडली ती सुट्या तुकड्यांत ना? मग जोडली कुणी?"

चार वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग मी शोधत गेले. जे हाती लागलं ते इथे लिहितेय.

नौका जोडली अहमद युसूफ मुस्तफा यांनी. इथे लोक त्यांना आदरानं हाज अहमद युसूफ म्हणतात. पुरातत्त्व खात्यात मोडक्या प्राचीन वस्तू पुन्हा उभ्या करण्याचं काम ते करत. महापिरॅमिडच्या दक्षिणेला चुनखडीच्या ४१ अजस्र लाद्यांखाली एक लांबलचक खड्डा निघाला आणि त्यात ही नौका सुटी करून, थरावर थर रचून ठेवलेली होती. १३ थर, १२२४ तुकडे, बहुतेक देवदार. साडेचार हजार वर्षं होऊनही लाकूड शाबूत होतं. कशाला काय जोडायचं, हे सांगणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

हाज अहमद यांना होड्या बांधण्याचा अनुभव नव्हता. म्हणून ते शिकायला गेले, आणि गेले कुणाकडे, तर नाईलच्या काठावर लाकडी होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींकडे. जुन्या कैरोत, आणि आमच्या मादीतसुद्धा! मी रोज संध्याकाळी ज्या काठावर फिरते, तिथेच कुठेतरी हा माणूस मिस्त्रींचं काम निरखत उभा असेल. थडग्यांच्या भिंतींवर नौकाबांधणीची जी चित्रं आहेत तीही त्यांनी अभ्यासली, लहान प्रतिकृती करून पाहिल्या. जुन्या सुतारांनी फळ्यांवर खुणा करून ठेवल्या होत्या. एकूण चार चिन्हं: डावी, उजवी, पुढची, मागची बाजू अशा चार भागांची. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका सुतारानं पुढच्यासाठी ठेवलेली चिठ्ठीच ती. मग जोडायचं, एखादी फळी बसेना झाली की सोडवायचं, पुन्हा पहिल्यापासून जोडायचं. दहा वर्षांहून अधिक काळ हे चाललं. उभी राहिली तेव्हा नौकेची लांबी भरली ४३ मीटरच्या वर. १९८२ मध्ये पिरॅमिडला लागूनच तिच्यासाठी संग्रहालय उघडलं आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिला बेल्जियमहून आणलेल्या दूरनियंत्रित वाहनावरून, अखंडच्या अखंड, नव्या म्युझियमकडे हलवलं.

या माणसाचा हात मला आणखी एका ठिकाणी सापडला. खुफूची आई हेतेफेरेस. तिचं थडगं १९२५ मध्ये गीझालाच मिळालं. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइसनर यांची मोहीम होती, पण ते स्वतः तेव्हा अमेरिकेत होते. मोहिमेचे छायाचित्रकार मोहम्मदानी इब्राहिम कॅमेरा उभा करत असताना तिवईच्या पायाखाली गिलाव्याचा थर लागला आणि त्याखाली खोल विहिरीसारखा मार्ग निघाला, अशी हकिकत नेहमी सांगितली जाते. आत राणीचं सामान होतं, पण लाकडाचा पार भुगा झालेला. सोन्याचे पत्रे आणि जडावाचे बारीक तुकडे तेवढे जागच्या जागी पडलेले. एकेक तुकडा कुठे होता त्याची नोंद ठेवत, छायाचित्रं घेत ते उचलले गेले आणि त्यांवरून राणीचा पलंग, खुर्च्या, छत असलेला मंडप, पालखीची खुर्ची पुन्हा उभी राहिली. ते काम करणाऱ्यांत तरुण अहमद युसूफ होते. आधी आईचा पलंग आणि मग तीसेक वर्षांनी मुलाची नौका!

आणि खुद्द खुफू? त्याची नि:संशय ओळखता येते अशी मूर्ती एकच, हस्तिदंताची, जेमतेम साडेसात सेंटिमीटर. १९०३ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या अबिडोसच्या उत्खननात ती निघाली तेव्हा तिला डोकं नव्हतं. तुटलेला भाग ताजा दिसत होता, म्हणजे डोकं खणतानाच कुठेतरी मातीत गेलं होतं. पेट्रींनी आधी टाकलेली सगळी माती पुन्हा चाळायला लावली. तीन आठवडे मजूर चाळण्या हलवत होते, आणि डोकं मिळालं. शाळेच्या पुस्तकापासून माहितीपटापर्यंत सगळीकडे जो खुफूचा चेहरा आपण बघतो, तो त्या तीन आठवड्यांच्या चाळणीतून आलेला आहे. चाळणाऱ्यांची नावं मात्र मला कुठेच मिळाली नाहीत.

कुणाला आणखी माहिती असेल तर इथे भर घाला. मला हे सगळं एका जागी हवं आहे.

बकुळ

रेवाताई, एका दमात वाचलं. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. आम्ही २०१८ ला आलो होतो तेव्हा नौका पिरॅमिडशेजारीच होती. गाइडनं लांबी-रुंदी सगळं सांगितलं, हे नाव मात्र सांगितलं नव्हतं.

काळा_कातळ

उत्तम धागा. यात 'कुफ्ती' हा शब्द यायलाच हवा, म्हणून लिहितो.

लक्सरच्या उत्तरेला, किना प्रांतात कुफ्त नावाचं गाव आहे. तिकडच्या बोलीत 'गुफ्त' म्हणतात. प्राचीन नाव कोप्टोस. १८९३-९४ च्या हंगामात पेट्रींनी तिथे खणलं. गावकऱ्यांबद्दल त्यांनी लिहिलेलं फारसं चांगलं नाही: इतके त्रासदायक लोक आपण कुठे पाहिले नाहीत, असाच सूर आहे. पण त्याच लोकांत पाच-सहा माणसं अव्वल निघाली, हेही ते मोकळेपणानं सांगतात. पेट्री ज्या गावी पुढे गेले तिथे त्यांना सोबत घेऊन गेले. या पाच-सहांपासून एक पेशाच उभा राहिला. बापानं मुलाला, काकानं पुतण्याला शिकवत चार-पाच पिढ्या झाल्या. आजही इजिप्तमध्ये परदेशी पथक असो की देशी, खणण्याच्या जागी कुफ्ती रईस असण्याची शक्यता मोठी. 'रईस' म्हणजे तिकडे श्रीमंत नव्हे, कामावरचा मुकादम.

काम काय, तर माती वाचणं. इजिप्तमध्ये दगडी देवळं आपल्या डोळ्यांत भरतात, पण घरं, कोट, गोदामं सगळी कच्च्या विटांची. नाईलच्या गाळाची वीट, वर पडलेला ढिगाराही त्याच गाळाचा. रंग एक, पोत जवळजवळ एक. भिंत कुठे संपते आणि पडझड कुठे सुरू होते, हे नवख्याला दिसतच नाही. तो भिंतच खणून टाकतो. मुरलेल्या कुफ्त्याला ते हत्याराच्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या कठीणपणावरून कळतं. तुरिया नावाचं आखूड दांड्याचं, रुंद पात्याचं खोरं असतं, त्यानं तो विटेची कड मोकळी करत जातो. हे विद्यापीठात शिकवता येत नाही. शेजारी बसूनच शिकावं लागतं.

रेवाताईंनी राइसनरचा उल्लेख केलाच आहे. त्यांनी १८९९ च्या सुमारास कुफ्त्यांना हाताशी धरलं आणि पुढे चार दशकं सोडलं नाही. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की त्यांच्या मोहिमेच्या कुफ्ती रईसांनी उत्खननाच्या रोजनिश्या अरबीत लिहिल्या. आज किती माणसं, कुठे खणलं, काय निघालं, सोबत रेखाटनं. पुष्कळ वर्षं त्या वह्या घराण्यातच राहिल्या आणि आता हार्वर्डच्या गीझा प्रकल्पामुळे अभ्यासकांसमोर आल्या आहेत. म्हणजे 'मजूर' म्हणून ज्यांची बोळवण झाली त्यांच्या हातच्या लेखी नोंदी आहेत. कुणी वाचल्या नव्हत्या, इतकंच.

पेट्रींचा सर्वांत विश्वासू खणणारा मात्र कुफ्तचा नव्हता. अली सुएफी, फैयूमजवळच्या लाहूनचा. वस्तू कुठे असेल हे ओळखण्यात त्याचा हात धरणारा नव्हता, आणि पेट्रींनी स्वतः तसं लिहून ठेवलंय.

दर्यावर्दी

आमचं घराणं मालवणचं. आजोबांनी होड्या बांधल्या, वडिलांनीही बांधल्या, मी नोकरीसाठी मुंबईला आलो. त्यामुळे हाज अहमद युसूफ होडीवाल्यांकडे गेले हे वाचून थांबलो.

मला विचारायचं होतं की ही नौका खिळ्यांची की शिवलेली? वाचत गेलो तेव्हा कळलं, शिवलेलीच. फळीला फळी दोरानं शिवलेली. आणि शिवण अशी की दोराची भोकं फळीच्या आरपार जातच नाहीत. फळीच्या आतल्या अंगाला तिरपी खाच कोरायची, दोर एका तोंडातून आत आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर, दोन्ही तोंडं आतल्याच बाजूला. पाण्याकडच्या अंगाला एकही भोक नाही. पाण्यात पडली की लाकूड फुगतं, दोर आवळतो आणि सांधे घट्ट बसतात. आधी फळ्यांचं कवच उभं करायचं आणि मग आतून आधाराचे वाक, म्हणजे होडीच्या फासळ्या, बसवायचे. आमच्याकडे आजोबांच्या हाताखाली क्रम उलटा होता: आधी पठाण (होडीच्या तळाचा कणा), मग वाक, मग फळ्या.

एक गोष्ट मात्र अगदी ओळखीची वाटली. रेवाताई म्हणतात फळी बसेना झाली की सोडवायची आणि पहिल्यापासून जोडायची. सुताराला हे सांगावं लागत नाही. एक फळी दोन सूत चुकली तर तिथे दिसत नाही, दहा फळ्या पुढे गेल्यावर नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला, दिसते. तिथे ठोकून बसवण्याचा मोह होतो. जुनं लाकूड ठोकून बसवायला गेलात तर फुटतं, आणि खुफूच्या नौकेची फळी फुटली तर दुसरी आणणार कुठून? म्हणून पुन्हा मागे जायचं. दहा वर्षं मागे जायची तयारी ठेवणाऱ्या त्या माणसापुढे मी हात जोडतो.

निनाद

माहिती आवडली. पण दुसरी बाजूही मांडतो, रागावू नका. पेट्री, राइसनर, तुतनखामुन राजाचं थडगं शोधणारे कार्टर यांनी पद्धत आणली म्हणून ही शिस्त आली. त्याआधी स्थानिक लोक थडगी फोडून माल दलालांना विकतच होते ना? १८८१ च्या राजममींचं प्रकरण प्रसिद्ध आहे. लुटणारेही स्थानिकच होते, हे धाग्यात यायला हवं.

रेवा

निनाद, रागावण्यासारखं काहीच नाही, ते यायलाच हवं. मी लक्सरच्या पश्चिम काठावर दोनदा राहून आले आहे, तिथली ही गोष्ट जरा सविस्तर सांगते.

कुर्ना गावातल्या अब्द अल-रसूल घराण्याला १८७० च्या आसपास देर अल-बाहरीच्या कड्यात एक उभा खोल मार्ग सापडला. आत रामसेस दुसरा, सेती पहिला, थुटमोस तिसरा असे राजे एकाजवळ एक ठेवलेले. प्राचीन पुजाऱ्यांनीच चोरांपासून वाचवायला त्यांना तिथे हलवलं होतं. घराण्यानं काही वर्षं थोड्या थोड्या वस्तू विकल्या. बाजारात राजघराण्याच्या वस्तू दिसायला लागल्यावर चौकशी सुरू झाली. भावांना पकडून किनाला नेलं, अहमदला तळपायांवर फटके मारले. तो बोलला नाही. नंतर घरात भांडण झालं आणि मोहम्मदनं जागा दाखवली. त्याला ५०० पौंड इनाम मिळालं, आणि पुढे थीब्सच्या (लक्सरचं प्राचीन नाव) दफनभूमीचा रईस म्हणून नेमणूकही. १८९१ मध्ये त्यानंच आणखी एक जागा दाखवली, तिथून आमुन देवाच्या पुजारी-पुजारिणींच्या १५३ शवपेट्या निघाल्या.

आता या माणसाला आपण चोर म्हणायचं की शोधक? माझ्या मते तो दोन्ही होता. आणि माल घेणारे कोण होते तेही बघा. लुटीला गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेतून येत होतं, त्यांत संग्रहालयांचे लोकही होते. पेट्रींनी बक्षिसाची पद्धत का लावली? वस्तू सापडली की बाजारात दलाल जेवढं देईल तेवढे पैसे ते मजुराच्या हातावर ठेवत, म्हणजे वस्तू लपवायचं कारण उरायचं नाही. रोजची मजुरी इतकी तुटपुंजी असताना हा रोख हिशेब लोकांना कळत होता. टोपल्या वाहायला लहान मुलं-मुलीही असत, हेसुद्धा त्या काळचं वास्तव.

आणखी एक. १८८१ मध्ये त्या राजांना बोटीत घालून कैरोला नेलं तेव्हा दोन्ही काठांवर गावोगावच्या बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत धावल्या, पुरुषांनी बंदुकीचे बार काढले, जशी घरच्या मयतीला रीत आहे तशी. 'स्थानिकांना त्यांच्या इतिहासाचं काही नव्हतं' असं कुणी लिहिलं की मला हे दृश्य आठवतं.

काळा_कातळ

निनाद, पद्धत त्यांनी आणली हे खरं. पण शिकायची वाट कुणी अडवली तेही बघू.

ती राजममींची जागा रिकामी करायला एमिल ब्रुग्श यांच्याबरोबर जो तरुण अधिकारी गेला होता तो अहमद कमाल. जन्म १८५१. कैरोत १८६९ मध्ये हाइनरिश ब्रुग्श यांनी प्राचीन लिपी शिकवायला शाळा काढली, तिथले हे विद्यार्थी. शाळा लवकरच बंद पडली. खात्याचे प्रमुख मारिएत यांनी तर इजिप्शियन मुलांना संग्रहालयातले लेख उतरवून घ्यायलाही मज्जाव केला होता, हे खुद्द हाइनरिश ब्रुग्शनं नोंदवलंय. लिपी शिकलेल्या माणसाला त्याच्याच देशात वर्षानुवर्षं दुय्यम जागेवर ठेवलं गेलं. तरी कमाल थांबले नाहीत. प्राचीन इजिप्शियन भाषेचा २२ खंडांचा कोश त्यांनी हातानं लिहिला. उतारवयात त्यांनी खात्याचे फ्रेंच प्रमुख लाको यांच्याकडे इजिप्शियन तरुणांना तयार करण्याची मागणी केली. लाको म्हणाले, तुमच्याखेरीज इथल्या फारशा कुणाला यात रस दिसत नाही. कमाल यांनी विचारलं, इतकी वर्षं खातं तुमच्या हाती आहे, तुम्ही आम्हाला संधी कोणती दिलीत? १९२३ मध्ये ते वारले. तुतनखामुनच्या शोधाची जगभर धामधूम चालली होती, तेच वर्ष.

आणि संधी मिळाल्यावर काय झालं? सेलीम हसन यांनी १९२९ पासून गीझाला खणलं, खेंतकाऊस राणीचं थडगं उजेडात आणलं, स्फिंक्सभोवतालची वाळू उपसून तिचा परिसर मोकळा केला. सामी गाब्रा यांनी तुना अल-गेबेलला खणलं. लबीब हबाशी यांनी एलेफंटाइन बेटावर हेकाइबचं मंदिर उजेडात आणलं. खात्याचा प्रमुख इजिप्शियन व्हायला मात्र १९५२ ची क्रांती व्हावी लागली.

झकारिया गोनेइम यांचं नाव घेताना वाईट वाटतं. सक्कारात सेखेमखेत राजाचा अपुरा पिरॅमिड त्यांनी शोधला. पुढे एक मोलाचं भांडं हरवलं म्हणून त्यांच्यावर चोरीचा आळ आला. १९५९ मध्ये त्यांनी नाईलमध्ये जीव दिला. ते भांडं नंतर संग्रहालयाच्याच साठ्यात सापडलं.

सह्यकडा

तुतनखामुनचा विषय निघालाच आहे तर: कार्टरनं आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडात चार रईसांचे नावं घेऊन आभार मानलेत. अहमद गेरिगार, गाद हसन, हुसेन अबू अवाद, हुसेन अहमद सईद. या चौघांपैकी छायाचित्रात नेमका कोण कुठे आहे हे मात्र सांगता येत नाही, कारण छायाचित्रांखाली नावं लिहिलेली नाहीत. मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनच्या छायाचित्रांखाली त्याचं नाव सापडतं.

मला कायम आठवतं ते मे १९२३ चं काम. पहिल्या हंगामातल्या वस्तू पेट्यांत भरून राजांच्या खोऱ्यातून नाईलपर्यंत न्यायच्या होत्या. अंतर नऊएक किलोमीटर, उन्हाळा ऐन भरात. हातानं ढकलायच्या छोट्या रूळगाड्या होत्या, पण रूळ पुरेसे नव्हते. मग गाड्या पुढे गेल्या की मागचे रूळ उपटायचे, उचलून पुढे आणायचे, पुन्हा टाकायचे. लोखंड उन्हानं इतकं तापलेलं की हात लावणं कठीण. पंधरा तास लागले. त्या पेट्यांत काय होतं हे जगाला माहीत आहे. एकाही वस्तूला धक्का न लावता ती पोचवणारे जवळपास पन्नास जण होते.

बकुळ

आणि तो पाणक्या मुलगा? घागर ठेवायला वाळू सारली आणि पहिली पायरी लागली, असं आम्हाला लक्सरला सांगितलं होतं. गळ्यात राजाचा हार घातलेल्या मुलाचं छायाचित्रही दाखवलं.

सह्यकडा

बकुळ, छायाचित्र खरं आहे, मोहिमेचे छायाचित्रकार हॅरी बर्टन यांनी काढलेलं. तो मुलगा म्हणजे पुढे त्याच कुर्ना भागात राहिलेला हुसेन अब्द अल-रसूल, असं त्या घराण्याचं सांगणं. कार्टरच्या रोजनिशीत ४ नोव्हेंबर १९२२ च्या नोंदीत पायरी लागल्याचं आहे, मुलाचं नाव नाही. त्यामुळे अभ्यासक ही गोष्ट पुरावा म्हणून धरत नाहीत. मला वाटतं, नोंदीत जागाच ठेवली नाही म्हणून लोकांनी गोष्टीत ठेवली.

असाच एक फोटो नेफरतिती राणीच्या पुतळ्याचा. ६ डिसेंबर १९१२, अमार्ना. बर्लिनमधला तो जगप्रसिद्ध अर्धपुतळा मातीतून ज्यानं बाहेर घेतला तो मोहम्मद अहमद अस-सनुसी, जर्मन पुरातत्त्वज्ञ बोर्खार्ट यांच्या उत्खननातला मुकादम. हे नाव निदान नोंदीत आहे. मान इतकी सडपातळ, रंग इतका ताजा, आणि हातातलं हत्यार खोऱ्यासारखं! त्या क्षणी तो हात थांबला म्हणून पुतळा वाचला.

पाटीपेन्सिल

वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. मी मुंबईत कागद आणि हस्तलिखितांच्या संवर्धनाचं काम करते.

खणणाऱ्यांबद्दल खूप आलं, पण मातीतून वर आल्यावर वस्तूचं मरण सुरू होतं, आणि ते लांबवणारे लोकही आता बहुतांश इजिप्शियनच आहेत. ग्रँड म्युझियमचं संवर्धन केंद्र २०१० पासून चालू आहे, म्हणजे संग्रहालयाच्या खूप आधी ते सुरू झालं. जपानच्या मदतीनं तिथे शेकडो जणांचं प्रशिक्षण झालं. तुतनखामुनची सर्वांत बाहेरची लाकडी, सोनं मढवलेली शवपेटी १९२२ पासून थडग्यातच होती. जुलै २०१९ मध्ये ती पहिल्यांदा बाहेर काढून या केंद्रात आणली, कारण सोन्याचा थर पापुद्र्यांसारखा सुटत होता. पापुद्रा बसवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. श्वास रोखून बारीक कुंचल्यानं चिकट द्रव आत सोडायचा, वरून जपानी कागद, वाट बघायची, पुढचा पापुद्रा. दिवसाला तळहाताएवढी जागा झाली तरी तो चांगला दिवस.

दुसरं उदाहरण एस्नाच्या मंदिराचं. काजळी आणि पक्ष्यांच्या विष्ठेखाली छत काळंठिक्कर पडलं होतं. २०१८ पासून अहमद इमाम यांच्या हाताखाली इजिप्शियन संवर्धकांच्या चमूनं ते साफ करायला घेतलं, लेखांच्या अभ्यासासाठी ट्युबिंगेन विद्यापीठ सोबत. नवं रंगकाम काहीच नाही, फक्त मळ काढला. खालून निळा, पिवळा, तांबडा मूळ रंग आला. मधल्या छतावर पंख पसरलेल्या ४६ देवता निघाल्या: २४ गिधाडाच्या डोक्याच्या, २२ नागाच्या. काजळीखाली त्यांचे रंग कित्येक शतकं कुणाला दिसलेच नव्हते.

निनाद

पाटीपेन्सिल, छान लिहिलंत. मग तुम्हालाच विचारतो. तुतनखामुनच्या मुखवट्याची दाढी २०१४ मध्ये कैरोच्या संग्रहालयात निघून आली आणि इपॉक्सी नावाच्या गोंदानं चिकटवली. तेव्हा जगभर 'यांच्या हाती हे सोपवायचं का' असं बोललं गेलं. तुमचं मत काय?

पाटीपेन्सिल

ती चूक होती, आणि मोठी होती. आमच्या कामाचा पहिला नियम असा की आज तू जे करशील ते उद्या दुसऱ्याला सोडवता आलं पाहिजे. इपॉक्सी सोडवता येत नाही, म्हणून ते तिथे वापरायचं नाही. घाईनं, वरून दडपण असताना अशा चुका होतात. त्याबद्दल चौकशी झाली, आठ जणांवर खटला भरला गेला.

पण पुढचं फारसं सांगितलं जात नाही. २०१५ मध्ये जर्मन आणि इजिप्शियन संवर्धकांनी मिळून लाकडी हत्यारांनी ते इपॉक्सी कण कण करून काढलं आणि दाढी मधमाशीच्या मेणानं बसवली. मेण प्राचीन इजिप्तमध्येही वापरत, आणि ते सोडवता येतं. शिवाय दाढी आधीही सुटीच होती. १९२२ नंतर थडग्यातून आली तेव्हाही ती वेगळी झालेली होती. एका चुकीवरून सबंध देशाच्या हातांवर अविश्वास दाखवायचा असेल, तर युरोपातल्या संग्रहालयांनी गेल्या शंभर वर्षांत चुन्यापासून लाखेपर्यंत काय काय फासलं त्याचीही यादी करावी लागेल. ते सोडवण्यात आमच्या क्षेत्राचं अर्धं आयुष्य जातं.

निनाद

पटलं. मेणाचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

काळा_कातळ

संवर्धन म्हणजे राखणदारीही. २८ जानेवारी २०११ ला कैरोत पोलीस नाहीसे झाले, तहरीर चौकात आगी लागल्या, संग्रहालयात चोर घुसले. तेव्हा सामान्य कैरोकरांनी हातात हात घालून संग्रहालयाभोवती साखळी केली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मल्लावीचं छोटं संग्रहालय लुटलं गेलं, हजाराच्या आसपास वस्तू गेल्या. जे जड होतं, नेता आलं नाही ते फोडत होते. पुरातत्त्वज्ञ मोनिका हन्ना आणि काही स्थानिक साथीदार तशा परिस्थितीत आत गेले आणि उरलेलं बाहेर काढलं. गेलेल्या वस्तूंपैकी बऱ्याचशा पुढे परत मिळाल्या.

रेवा

आणि ज्यांनी राखलं त्यांचं घर? कुर्ना गाव थडग्यांवरच वसलं होतं. घराची मागची खोली म्हणजे थडग्याचा दरवाजा. १९४० च्या दशकात वास्तुविशारद हसन फतही यांनी त्यांच्यासाठी मातीच्या विटांचं सुंदर नवं गाव बांधलं, लोक गेले नाहीत. शेवटी २००६ नंतर जुनी रंगीत घरं पाडली आणि कुटुंबांना उत्तरेला नव्या वसाहतीत हलवलं. थडग्यांसाठी ते आवश्यक होतं असं पुरातत्त्वज्ञ सांगतात, आणि सांडपाण्यानं भित्तिचित्रांचं नुकसान होत होतं हे खरंच आहे. पण मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या आजींनी टेकडीकडे बोट दाखवून त्यांचं घर कुठे होतं ते सांगितलं. तिथे आता मुरूम आहे. त्यांचे सासरे, नवरा, दीर, तिघांनी आयुष्यभर त्याच टेकडीवर परदेशी पथकांसाठी टोपल्या उचलल्या. मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

सह्यकडा

शेवटची भर माझी, आणि ही आपल्याशी जोडलेली आहे. काळा_कातळ यांनी कुफ्त सांगितलं. कुफ्त म्हणजे कोप्टोस हे रोमन काळात हिंदुस्थानच्या व्यापाराचं नाईलवरचं नाकं होतं. भडोच, केरळातल्या मुझिरिसहून जहाजं तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि म्योस होर्मोसला लागत, तिथून उंटांवर वाळवंट ओलांडून माल कोप्टोसला येई आणि मग नदीनं अलेक्झांड्रियाला. पेट्रींच्याच उत्खननात तिथे इसवी सन ९० चा एक शिलालेख मिळाला, वाळवंटाच्या वाटेच्या जकातीचा. नाविकाला ५ द्राख्मा वगैरे दर कोरलेले आहेत.

बेरेनिकेत आज पोलिश-अमेरिकन पथक खणतं आणि खणणारे हात त्या वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अबाब्दा लोकांचे. तिथे भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली, संस्कृत लेख मिळाला, संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली, आणि सातवाहनांची दोन नाणीही. पैठणच्या राजांची नाणी, त्या वाळूतून कुणा अबाब्दा मजुराच्या खोऱ्याखाली आली. कुफ्तचे आजचे रईस ज्यांच्या वंशातले, त्यांचे पूर्वज आपल्याकडच्या मिऱ्यांची पोती उतरवत असतील हा विचार मनातून जात नाही.

दर्यावर्दी

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या बाजूच्या होड्याही पूर्वी काथ्यानं शिवत असं आजोबा सांगायचे.

रेवाताई, एक विनंती. दुसरी नौकाही होती ना, त्याच पिरॅमिडपाशी? तिचं काय झालं?

रेवा

हो, शेजारच्याच खड्ड्यात. तिचं लाकूड पहिलीपेक्षा पुष्कळ वाईट अवस्थेत होतं. जपानी आणि इजिप्शियन पथकानं खड्ड्यावरच तंबू घालून एकेक तुकडा तिथल्या तिथे घट्ट करून वर काढला, त्यात कित्येक वर्षं गेली. डिसेंबर २०२५ पासून म्युझियममध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत, ती जोडायला घेतली आहे. पहिल्या नौकेच्या शेजारीच.

आत्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, मग या वेळी जोडणाऱ्यांना नाव विचारून ये. शुक्रवारी सुट्टी आहे, जातेय. दर्यावर्दी, पहिल्या नौकेच्या फळ्यांमधल्या त्या तिरप्या खाचा जवळून दिसतात का तेही बघते, आणि दिसल्या तर फोटो इथेच टाकते. वाकांचे कुठल्या बाजूनं घेऊ?

दर्यावर्दी

आतून जमलं तर उत्तम, नाहीतर नाळेकडून घ्या. फळी आणि वाक जिथे भेटतात तो सांधा दिसला पाहिजे.